दोन भोकं काचेला, एक नळीला

माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं अम्मी नेहमी म्हणायची. त्याच तोंडाने एका सकाळी मी डॉक्टरबाईंना सांगून टाकलं, की काचेला भोकं ना, माझे अब्बा पाडून देतील. अब्बांनी तोवर काचेला कधी भोक पाडलं नव्हतं. काचेला भोक पाडतात कसं, हेही आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. पण शब्द गेला होता आणि डॉक्टरबाईंनी तो लगेच पकडला होता.

दिग्रसला लहान मुलांच्या त्या दवाखान्यात मी केसपेपर लिहायची. बी.एस्सी. झालेली, आणि घरात कुणी लग्नाचं नाव काढलं की भांडायला उठणारी, अशी मी तेव्हा होते. डॉक्टरबाईंनी नागपूरहून टेम्पोत घालून चार फूट लांबीची काचेची मछलीपेटी आणली होती. बाहेर बाकावर बसलेली पोरं सुईच्या भीतीने रडायची. एकाने सूर लावला की सगळी सुरू. मासे बघत गप्प बसतील, असा बाईंचा बेत. पण एवढ्या पेटीतलं पाणी सारखं उपसणार कोण? बाईंनी पुण्यात एके ठिकाणी युक्ती पाहिली होती. पेटीच्या मागच्या काचेत वरच्या बाजूला दोन भोकं. एका भोकातून वरचं पाणी नळीने खाली ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत उतरतं, तिथे स्पंजातून आणि वाळूतून गाळलं जातं, आणि एक लहानसा पंप ते दुसऱ्या भोकातून परत वर चढवतो. पेटी आली, खालची टाकी आली, पंप आला, भोकं तेवढी यायची राहिली. नागपूरचा काचवाला म्हणाला होता, पाडून देतो, पण तडकली तर माझ्यावर नाही. यवतमाळच्या काचवाल्याने हातच जोडले.

मी बढाई मारली त्याला कारण होतं. अब्बा जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या मशिनींची तिथे लांबच लांब रांग, आणि त्यातल्या कुठल्या मशिनीचा रोलर घासतो आहे हे अब्बा फाटकातून आत शिरता शिरता आवाजावरून सांगायचे. पण ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात ज्या बातम्यांसाठी यायचं, त्या मी वाचणंच सोडलं होतं. जिनिंगचा हंगाम आखडत आखडत काही आठवड्यांवर आला होता, आणि त्या साली दिवाळी होऊन गेली तरी भोंगा वाजला नाही. अब्बा घरी बसले. आधी त्यांनी घरातल्या बिजागऱ्या, स्टोव्ह, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सायकली दुरुस्त केल्या. मग दुरुस्त करायलाही काही उरलं नाही, तेव्हा नुसतेच बसू लागले. भिवंडीला माझा चुलतभाऊ एका गोदामात कामाला होता. त्याने तिथे अब्बांसाठी चौकीदाराची जागा ठरवली. पंधरा दिवसांनी निघायचं होतं. ज्या माणसाचे हात चहा पितानासुद्धा कपाचा कान हलतो का ते तपासतात, त्याने खुर्चीवर बसून फाटकाकडे बघत राहायचं. मला ते मुळीच मंजूर नव्हतं, आणि माझी मंजुरी कोणी मागतही नव्हतं.

घरी आमची बोली ना धड उर्दू, ना धड वऱ्हाडी. चिडले की मात्र अब्बा पूर्ण वऱ्हाडीवर यायचे.

“बेटा, मले काच भोकता येते म्हनून तुले कोनं सांगतलं?”

मी म्हटलं, कोणी नाही, मीच ठरवलं. यावर अम्मी पदरात तोंड घालून हसली आणि अब्बा चप्पल घालून बाहेर पडले. मला वाटलं रागावून गेले. तासाभराने आले ते फोटोफ्रेमच्या दुकानातून काचेचे उरलेसुरले तुकडे घेऊन. जाडीला पेटीच्या काचेच्या जवळपास, हाताएवढे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. गॅरेजवाल्याकडून इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पूड आणली होती. काचेला नेहमीचं ड्रिल चालत नाही एवढं त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी भोकाच्या मापाचा तांब्याच्या नळीचा एक तुकडा घेतला, त्याच्या तोंडाला कानशीने दाते पाडले, आणि तो ड्रिलमध्ये बसवला. नळी फिरणार, दात्यांखाली पूड घासणार, आणि काच गोल कापली जाणार. ऐकायला सोपं वाटलं.

पहिला तुकडा तडकला. दुसरा तडकला. तिसऱ्याच्या वेळी लाईट गेली, कारण त्या वर्षांत आमच्याकडे लाईट असण्यापेक्षा नसायचीच जास्त. अब्बांनी विजेचं ड्रिल बाजूला ठेवून हाताने फिरवायची जुनी ड्रिल मशीन काढली. तिने जरा बरं चाललं, निम्म्यापर्यंत गेलं, आणि मग टक असा बारीक आवाज होऊन काचेत आरपार रेघ उमटली. प्रत्येक वेळी अब्बा काच तडकली की तेलाचं डबडं उचलून पुढच्या काचेवर आधीपेक्षा जास्त तेल सोडायचे. उभा जन्म जिनिंगमध्ये गेलेला. जे कुरकुरतं, जे घासतं, जे तापतं त्याला तेल, हा त्यांचा धर्मच होता. आमच्या अंगणात तेल, काळी पूड आणि काचा यांचा असा काही चिखल झाला, की कोंबड्यासुद्धा तिकडे फिरकेनात. आठवा तुकडा गेला तेव्हा अब्बांनी त्याचे दोन भाग एकमेकांना जुळवून पाहिले आणि भिंतीशी ठेवून दिले.

बाजारच्या दिवशी याडी आली. याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आई. गावाबाहेरच्या तांड्यावरची ही बाई बाजारात भाजी विकायला यायची, आणि भाजी संपली की तांड्याकडे जाणारी काळीपिवळी जीप भरेपर्यंत आमच्या ओट्यावर टेकायची. तिची लेकरं तिला याडी म्हणत म्हणून आमची अख्खी गल्ली म्हणायची. रिकामं बसणं तिला जमत नसे. त्या दिवशी लेकीच्या घागऱ्याला लावायचे आरसे कापायला घेतले होते. अम्मीकडून तिने पाण्याने भरलेली परात मागून घेतली, आरशाचा तुकडा आणि कात्री दोन्ही पाण्यात बुडवले, आणि पाण्याच्या आतच आरसा कुरतडत गोल कापू लागली. मी हे कितीतरी वेळा पाहिलं होतं आणि कधीही नीट पाहिलं नव्हतं.

अंगणात अब्बांचा नववा तुकडा तडकला. याडीने मान वर केली.

“मिस्त्री, तेल कायले पाजून राह्यले तिले? काच तापली का रुसते. पान्यात ठेवा तिले. आन् जोर नोका लावू, ते लोखंड नाही.”

अब्बांनी मशीन खाली ठेवली. सुईदोऱ्याची बाई मिस्त्रीला मिस्त्रीकाम शिकवते आहे, हे त्यांच्या कपाळावर स्पष्ट लिहिलेलं दिसत होतं. बरं बाई, एवढंच म्हणून ते घरात गेले आणि पाणी पिऊन तिथेच बसले. याडीने मला डोळा मारला आणि आरसे कापत राहिली. काळीपिवळीचा हॉर्न वाजला, ती टोपली घेऊन गेली, आणि ती कोपऱ्यावर वळली न वळली तोच अब्बा बाहेर येऊन म्हणाले, परात आण.

परातीतली काच दिसायला सोपी, धरायला अवघड. शेवटी अम्मीच्या मळलेल्या कणकेतून एक गोळा मी पळवला. खुणेभोवती कणकेची गोल पाळ घातली, आत पाणी ओतलं आणि पूड सोडली. नळी इकडेतिकडे सरकू नये म्हणून अब्बांनी लाकडाच्या ठोकळ्याला भोक पाडून तो वर दाबून धरला. आता मशीन हळू फिरत होती. पाणी दुधासारखं पांढरं होत गेलं. अब्बा मध्येच नळी उचलत, आत पाणी जाऊ देत, पुन्हा टेकवत. अर्धी जाडी झाल्यावर काच उलटी करून दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. अर्ध्या तासाने एक गोल चकती सुटून अब्बांच्या तळहातावर पडली. काच शाबूत होती. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. अब्बा ते भोक डोळ्याला लावून त्यातून माझ्याकडे बघत होते. अम्मी म्हणाली, आज पोळ्या कमी पडल्या तर याच चकत्या वाढीन.

रविवारी दवाखाना बंद असतो म्हणून तो दिवस ठरला. अब्बांच्या निघण्याला सहा दिवस उरले होते. मधल्या काळात त्यांनी बारा तुकड्यांना भोकं पाडली, त्यातली शेवटची आठ एकही न तडकता. पण पेटी म्हणजे तुकडा नव्हे. ती उलटी करून दोन्ही बाजूंनी भोक पाडता येणार नव्हतं. नळी आरपार जायच्या क्षणी काचेची आतली बाजू कपची निघून फुटते, तेव्हा तिथे आतून कोणीतरी लाकडाची फळी घट्ट दाबून धरायला हवी होती. डॉक्टरबाईंच्या दोन गाद्या फरशीवर अंथरून पेटी आडवी केली, मागची काच वर येईल अशी. आणि मी पाठीवर झोपून पेटीच्या तोंडातून कमरेपर्यंत आत शिरले.

अशी मी पेटीत, डॉक्टरबाई माझ्या पायांशी, आणि वर काचेपलीकडे अब्बा. डॉक्टरबाई म्हणाल्या, माझ्याकडे पेशंट पुष्कळ आले, असा पहिलाच. मला हसू आलं, फळी हलली, आणि अब्बांनी काचेवर बोटाने टकटक केली. मग मात्र मी हात ताठ ठेवले. फळीच्या बाजूच्या काचेतून मला अब्बांचा चेहरा दिसत होता, अगदी वीतभर अंतरावर. ओठांच्या कोपऱ्यात जिभेचं टोक, एक भुवई वर, कान आवाजाकडे. जिनिंग बंद झाल्यापासून हा चेहरा घरात कुणाला दिसला नव्हता. त्यांना मी दिसत होते की नाही कुणास ठाऊक. ते फक्त काच ऐकत होते. माझे हात दुखत होते, मानेखाली गादीची गाठ टोचत होती, आणि हे भोक लवकर संपू नये असं मला वाटत होतं.

नळी आरपार गेली तेव्हा कणकेच्या पाळीतलं सगळं पांढरं पाणी माझ्या तोंडावर आलं. दुसऱ्या भोकाच्या वेळीही आलं. पण दोन्ही चकत्या फळीवर अलगद उतरल्या, काचेला केसाएवढीही रेघ नाही. अब्बांनी सायकलच्या ट्यूबमधून वायसर कापून आणले होते, टाकीला बसवतात तसे निपल दोन्ही भोकांत आवळले, नळ्या जोडल्या. पंपाची नळी भोकातून आत आल्यावर वाकवून पेटीच्या तळापर्यंत नेली, कारण बाईंना बुडबुडे तळातून वर यायला हवे होते. सोमवारी पेटी भरली, पंप सुरू झाला, आणि बाई नागपूरहून आलेले सोनेरी मासे सोडून मोकळ्या झाल्या. बाकावरची पोरं खरोखर गप्प बसली. अब्बा दाराशी हात मागे बांधून उभे होते.

अकरा वाजता लाईट गेली.

पंप थांबला. आणि ज्या नळीने पाणी वर चढत होतं, त्याच नळीने ते उलटं खाली उतरू लागलं. नळीचं तोंड तळाशी, त्यामुळे थांबायचं नाव नाही. खालची टाकी भरली आणि वाहू लागली. बायका साड्या वर धरून बाकावर पाय घेऊन बसल्या, आणि पोरं, ताप असलेली नसलेली सगळी, त्या पाण्यात छपछप नाचू लागली. नुकतंच इंजेक्शन घेतलेला एक चिमुरडा तर पाण्यातून निघायलाच तयार नव्हता. चार बोटं पाण्यात मासे एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे होते. डॉक्टरबाई हसत हसत बादल्या मागवत होत्या. कुणीही रागावलं नव्हतं, पण अब्बांनी नळी उपसली, मान खाली घालून फरशी पुसली आणि मला न सांगता घरी निघून गेले.

संध्याकाळी मी घरी आले तर त्यांची बॅग उघडी. सदरे घडी करून आत जात होते. म्हणाले, चौकीदारीच बरी, तिथे काही बिघडत नाही. मग माझा तोल गेला. मी म्हटलं, बिघडत नाही कारण तिथे तुम्ही काही करणारच नाही. तुम्ही गेलात तर मला फार वाईट वाटेल, आणि मी ते रोज पत्रात लिहीन, तुम्हाला वाचायचा कंटाळा येईपर्यंत. हे सगळं मी रडत म्हटलं, तरी आवाज चांगलाच चढला होता. अब्बा सदरा हातात धरून उभे राहिले.

अम्मी या भांडणात पडली नाही. ती तिकडे कॅनमधून स्टोव्हसाठी रॉकेल काढत होती, नेहमीसारखं, रबरी नळी तोंडाने ओढून. बाटली भरत आली तसं तिने कॅनमधलं नळीचं टोक किंचित वर उचललं. नळीत हवा शिरली, गुळगुळ असा आवाज झाला आणि धार थांबली. आमच्या गल्लीतली प्रत्येक बाई आठवड्यातून दोनदा हेच करायची. अब्बा अम्मीकडे बघत होते. मग म्हणाले, “फिरून एक डाव करून दाखव बरं.”

अम्मीने करून दाखवलं. तिला वाटलं, यांचं डोकं फिरलं. अब्बांनी सदरा बॅगेत न ठेवता खुंटीला अडकवला, आणि तेवढ्यावरच मला किती बरं वाटलं ते मी सांगू शकत नाही.

दुसऱ्या सकाळी दवाखान्यात त्यांनी पंपाच्या नळीला, पेटीच्या आत, पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली, दाभण तापवून एक बारीक भोक पाडलं. भोक म्हणजे तीळ मावेल एवढं. लाईट गेली आणि पाणी त्या भोकाखाली उतरलं, की तिथून हवा शिरणार आणि धार तुटणार, असा हिशोब. आता लाईट जायला हवी होती. त्या दिवशी सगळ्या दिग्रसात लाईट जायची वाट बघणारा एकच माणूस होता, आणि तो माझा बाप होता. अकराची वेळ झाली, लाईट जाईना. साडेअकरा झाले. पंखे फिरत होते, बाकावरचे लोक खुश होते आणि अब्बा वीजवाल्यांच्या नावाने पुटपुटत होते. मेन स्विच बंद करून बघू, असं मी सुचवलं, तर म्हणाले, तसं नाही, खरी जाऊ दे.

पावणेबाराला खरी गेली. पंप थांबला. सगळा दवाखाना पेटीकडे वळला, कारण तोवर मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पाणी उतरू लागलं, बोटभर उतरलं, नळीतून गुळगुळ आवाज आला आणि पाणी जिथल्या तिथे थांबलं. मासे आपले फिरत राहिले. खालची टाकी काठोकाठ भरली, एक थेंब बाहेर नाही. आधी कोणी टाळी वाजवली ते आठवत नाही, पण शेवटी ताप मोजायला आलेली पोरंही वाजवत होती. कालचा चिमुरडा तेवढा नाराज झाला, कारण पाण्यात नाचायला मिळालं नाही.

त्या आठवड्यातल्या बाजारच्या दिवशी याडी आमच्या ओट्यावर बसली असताना अब्बा स्वतःहून परात भरून तिच्यापुढे ठेवायला आले. मग तिथेच उकिडवे बसले आणि आरसा पाण्यात कसा धरायचा, कात्री किती उघडायची ते तिला विचारत राहिले. याडीने त्यांच्या हातात कात्री दिली. पहिले दोन आरसे त्यांनी वाया घालवले, आणि ती मनापासून हसली, तेही हसले. काळीपिवळी दोनदा हॉर्न वाजवून निघून गेली, तरी दोघांना पत्ता नाही.

जायच्या आदल्या दिवशी भिवंडीहून चुलतभावाचा फोन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर आला. बोलावणं आलं तशी मी अब्बांच्या मागे गेले, कारण त्यांनी काय ठरवलं आहे हे घरात कुणालाच कळलं नव्हतं आणि विचारायची हिंमत या वेळी मलाही झाली नव्हती. चुलतभावाचा आवाज मोठा, बाहेर उभी राहूनही मला ऐकू येत होता. जिनिंग तर बंद आहे, तिथे राहून या वयात करणार काय, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. अब्बांनी घसा खाकरला.

“अरे, मले येत नाही असं लय काम बाकी हाये अजून,” ते म्हणाले. “ते शिकून राह्यलो.”